ओढ

दोर वळणाऱ्यांची ती गल्ली लांबच लांब आणि अरुंद होती. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला लोखंडी फाटक. दोर ताणला की तो सगळ्या दारांसमोर कमरेच्या उंचीवर आडवा येई. मग आतला आत, बाहेरचा बाहेर. खालून वाकून जावं म्हटलं तर तशी सोय नाही. वळत्या दोरात केस अडकले तर टाळूसकट जातील, अशी ताकीद होती.

दूरच्या देशातून मदतीला आलेली पोरगी याच गल्लीत एका खोलीत उतरली होती. बायकांचा माल बाहेर विकायला हातभार लाव म्हणून संस्थेनं तिला पाठवलेलं. गल्लीनं तिचं नाव एकदा घेऊन पाहिलं, पण जीभ वळेना. ती ताडमाड उंच, येता-जाता चौकटीला डोकं आपटून घ्यायची. मग तिला शिडी म्हणू लागले.

खोली आत्याच्या घरातली. आत्या म्हणजे दोरवाल्या दादांची थोरली बहीण, पण आत्या सगळ्या गल्लीची. तिनं शिडीला घरातली चांगली खाट दिली आणि स्वतः दारात आडवी झोपू लागली. शिडी नळावर निघाली की आत्या मागे. संडासाला गेली तरी आत्या बाहेर उभी. फाटकाकडे वळली की कुणीतरी हाक मारून तिला परत आणी. परक्याची लेक तळहातावरच्या फोडासारखी जपावी लागते, असं आत्या येईल-जाईल त्याला ऐकवी. एकदा तिची सून म्हणाली, "सासूबाई, एवढी पाळत तर तुम्ही माझ्यावरही ठेवली नव्हती." आत्या म्हणाली, "तुला कोण पळवून नेणार होतं? नेलं असतं तरी संध्याकाळी आणून सोडलं असतं."

खरे फोड मात्र शिडीच्या तळहातांवर होते. मालाबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. पाहुणीला नुसतं बसवायचं कसं, म्हणून दोराला पीळ देणाऱ्या चाकाची मूठ तिच्या हातात दिली, कारण त्या कामाला डोकं लागत नाही. दादा दुसऱ्या टोकाला कमरेच्या पट्ट्याला दोर अडकवून उभे राहत आणि तिथून ओरडत. धर, फिरव, थांब, सोड. दोर सैल पडला की ओढ. मग शिडीनं दगड लादलेला चाकाचा गाडा मागे खेचायचा. तिला या गावची एवढीच भाषा आली. पोटात दुखतंय, एकटीनं चार पावलं चालून यायचंय, हे सांगायला त्यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. खुणा केल्या तर आत्या चप्पल घालून सोबत निघायची.

आठवड्यामागून आठवडे गेले. भिंती जवळ येत चालल्यात असं शिडीला वाटू लागलं. जेवताना सगळे तिच्या घासाकडे बघत. झोपेत कूस बदलली तरी दारातून आत्याचा आवाज येई. शेवटी तिनं मनाशी ठरवलं, माल न्यायला ट्रक येईल त्या दिवशी त्यातून निघून जायचं. आदल्या दिवशीच बॅग भरून तिनं खाटेखाली सरकवली.

सकाळी केर काढताना आत्याची केरसुणी बॅगेला अडली. तिनं केरसुणी तिथंच ठेवली. बाहेर ट्रकमध्ये भरायचा शेवटचा दोर ताणलेला होता, शिडी मुठीवर. आत्या दाराबाहेर भिंतीच्या कडेकडेनं तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "घरची ओढ लागली का गं?"

शिडीला त्यातला एकच शब्द कळला. तिनं गाडा धरला आणि अंगातला सगळा जोर लावून मागे खेचला. पलीकडे दादा एका पायावर उभे राहून टाचेतला काटा काढत होते. ते तसेच पुढे फरफटत आले आणि दोराचा वाख, म्हणजे घायपाताचे तंतू, भिजवायच्या टाकीत बसले. गल्ली पोट धरून हसली. दादांना तिनं कुणाच्या शब्दावरून ओढलं, ते एकट्या आत्याला उमगलं. ती हसली नाही. तिनं शिडीचा सदरा छातीपाशी मुठीत धरला आणि हळूच आपल्याकडे खेचला. "ही ओढ," ती म्हणाली. "इथली."

शिडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आत्याची मूठ अजून सदऱ्यावर होती.

"आत्या," ती म्हणाली, "सोड."

"सोडते गं. पण तुझं काही कमी-जास्त झालं तर तुझ्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?"

शिडीला फक्त आई कळलं. आत्यानं मूठ उघडली. शिडी फाटकाकडे चालू लागली, आणि या खेपेला कुणी हाक मारली नाही. ट्रक उभा होता, त्याच्या बाजूनं ती रस्त्याला लागली आणि वळण येईपर्यंत चालत राहिली. मागे पावलं वाजत नव्हती. ती कडेच्या दगडावर बसली. श्वास पोटापर्यंत गेला. ट्रकचं तिच्या ध्यानातही राहिलं नाही.

ट्रकच आला. ड्रायव्हरनं दार उघडलं. आत सीटवर तिची बॅग होती, चेन नीट लावलेली, वर दुपारच्या जेवणाचा डबा. सोड म्हणजे घरी जाऊ दे, असं आत्यानं समजून घेतलं होतं. शिडी कितीतरी वेळ बॅगेकडे बघत राहिली. "बाई, बसताय की राहताय?" ड्रायव्हर म्हणाला. "मला उशीर होतोय."

तिनं बॅग आणि डबा उतरवून घेतला.

फाटकाशी सगळी गल्ली उभी होती, पण उंबऱ्याबाहेर कुणाचा पाय नव्हता. आत्या गज धरून होती. शिडी आत आली तसा तिनं तिच्या हातातला डबा उघडून पाहिला. "काही खाल्लं नाहीस," म्हणाली, आणि वळून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी कामं आटोपल्यावर शिडी एकटीच बाहेर पडली. आत्या फाटकापर्यंतच आली. शिडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा सुनेनं भाजी चिरायला बोलावलं, दादांनी वाख पिंजायला बोलावलं. आत्या जागची हलली नाही.