चाकणच्या बाजारातलं अल्मा-अता

मित्रांनो, आताशा मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मी चित्रं दाखवणारी जुनी पेटी आहे. चार गोल काचा, वर काळं फडकं आणि कुशीला फिरवायची कडी. बिजागऱ्या गंजल्यात, एका काचेला तडा गेलाय. थकले हो. पण तोंड शाबूत आहे, आणि बाईमाणसाला तेवढं पुरतं.

माझं माहेर परदेशातलं. पिंपरीच्या एका कंपनीत समुद्रापलीकडून यंत्र आलं, ते ज्या खोक्यातून आलं ते खोकं म्हणजे मी. यंत्राला हार घातला, नारळ फोडला आणि खोकं उन्हात भिरकावलं. माणसांची रीतच ती. १९६२ साली धोंडीबा सुतारानं मला उचललं, रंधा मारला, भिंगं बसवली. आत दोन रूळ घातले आणि त्यांवर चित्रांची लांब पट्टी गुंडाळली. मग त्यानं मला आपल्या बायकोच्या, केसरबाईच्या हवाली केलं.

केसरबाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तिच्या तोंडापुढे फौजदारही दोन पावलं मागे सरायचा. चाकणचा बाजार, आळंदीची गर्दी, पुनावळ्याची जत्रा, सगळीकडे ती मला डोक्यावरून न्यायची. तिचा एकच नियम होता. पुढे गेलेलं चित्र मागे फिरवायचं नाही. उलटी कडी फिरवली की जोडावरचा कागद मुडपतो आणि फाटतो.

माझी पहिली पट्टी देवादिकांची. दहा वर्षांत ती अशी विटली की राम कुठला आणि रावण कुठला, दहा तोंडं मोजल्याशिवाय कळेना. तेव्हा कंपनीच्या वसाहतीतल्या नीलिमावहिनींनी रशियाहून येणारी मराठी मासिकं दिली. कागद असा की माशी बसली तर घसरावी! त्यात तिकडच्याच अल्मा-अता नावाच्या डोंगराळ शहराची रंगीत चित्रं होती. वहिनींनी वाचून दाखवलं, केसरबाईनं ऐकलं, चित्रं कापून नव्या पट्टीवर डकवली, आणि पुढच्या बाजारात तिचा आवाज घुमला.

"बगा बगा, अल्मा-अता बगा! सफरचंदांचं गाव बगा! डोक्यावर बर्फाचा डोंगर, रस्त्याकडंनं पाण्याचं पाट! लाकडाचं देऊळ बगा, भूकंप झाला तरी हाललं न्हाई! बर्फाचं मैदान बगा, पोरी पायात सुऱ्या बांधून नाचत्यात! दोरावरचा पाळणा बगा, माणसं बसल्या बसल्या डोंगरावर चालली! आन् हे निळं तळं, नुसतं बगायचं, हात लावायचा न्हाई!"

काय गर्दी व्हायची! लोकांनी हिमालयही पाहिलेला नव्हता, आणि माझ्यापुढे वाकून ते अल्मा-अता पाहून घरी जायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार चढलं होतं. पण कौतुक म्हणजे उन्हातला बर्फ. जत्रेत तंबूतला सिनेमा आला, मग कुणाकुणाच्या घरी टीव्ही आला. माझ्यापुढे कुत्रं येऊन बसायचं, तेही पाठ करून.

त्या पडत्या काळात निघोज्याची चतुराबाई यायला लागली. तिचा एकुलता एक मुलगा जयसिंग कंपनीत फिटर. कंपनीनं त्याला यंत्रं जोडायचं शिकायला पाठवलं होतं, ते नेमकं अल्मा-अताला. आधी निरोप यायचे, मग येईनासे झाले. गावातल्या बायकांची जीभ काही थांबेना. "आता कशाला येतोय? तिकडंच गोऱ्या बायकुचा घरजावई झाला आसंल," म्हणायच्या.

चतुराबाई प्रत्येक बाजाराला यायची, भाजीची पाटी बाजूला ठेवायची आणि फडक्यात डोकं घालायची. पाळण्याचं चित्र आलं की म्हणायची, "थांब गं केसरबाई. ह्यो लाल टोपीवाला बग. उभा ऱ्हातोय कसा, माज्या जयसिंगावानीच."

ती चित्रं जयसिंग जाण्याच्या आधीची होती. मला ठाऊक होतं, केसरबाईलाही ठाऊक होतं. जगाला फाडून खाणारी ती बाई, पण तेव्हा नुसतं म्हणायची, "व्हय. दिसतोय खरा तसाच."

"एकडाव मागं फिरव की."

"मागं फिरवायचं न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

"एकडावच."

आणि केसरबाईनं स्वतःचा नियम मोडला. एकदा, दोनदा, मग दर बाजाराला. पाळण्याच्या चित्राचा जोड सुटला, लाल टोपीजवळ चीर गेली. घरी नेऊन ती खळ लावून चिकटवायची आणि माझ्याच नावानं बोटं मोडायची.

धोंडीबा वैतागला. म्हणाला, "ह्या बर्फाला कुत्रं इचारत न्हाई. ही पट्टी काढून चुलीत घालतो. सिनेमाच्या नट्या लावू, बाजारात पुन्हा मान्सं वळतील."

"लावा की," केसरबाई म्हणाली, "आन् कडी तुमीच फिरवा. चतुराबाई आल्यावर तिला तुमीच सांगा, तुजं पोरगं चुलीत घातलं म्हनून."

धोंडीबा रंधा उचलून अंगणात गेला. पण तोही खरंच बोलत होता. माझी पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही, आणि चतुराबाईचा मुलगा त्या पट्टीसोबत फाटून जाणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

पावसाळ्याच्या आधीच एका बाजारी चतुराबाई आली ती हात धरून. हात जयसिंगचा! गडी वाळला होता, पण हातीपायी धड होता. गोरी बायको नव्हती, होता तो खोकला. आजारी पडून दवाखान्यात राहिला, आणि आईला घोर नको म्हणून निरोप धाडले नाहीत म्हणे. मुलगेच ते! घोर नको म्हणून घोर लावतात.

केसरबाईनं कडी फिरवली. जयसिंग वाकला. पाळण्याचं चित्र आलं, तसं आईनं त्याला लाल टोपीवाला नीट बघायला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "आये, ह्यो मी न्हाई."

केसरबाईनं कडी घट्ट धरली. माझ्या आत कागदही हलेना.

"ठावं हाय मला," चतुराबाई म्हणाली. "आय हाय मी तुजी. पोटच्या पोराला वळखत न्हाई व्हय? पर तिथं एक मानूस उन्हात हसत उभा हाय. म्हनलं, जिथं मान्सं आशी उभी ऱ्हात्यात, तिथं माजं पोर उपाशी न्हाई मरायचं."

केसरबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खेकसली, "धूर किती करतोय मेला भजीवाला!"

"पाळण्यात बसलास न्हवं?" आईनं विचारलं. "तळं बगितलंस?"

जयसिंगनं मान हलवली. "न्हाई आये. शिफ्ट, खोली, शिफ्ट. सुट्टीला ओव्हरटाइम, मग दवाखाना. डोंगर दिसायचा खिडकीतनं, तेवढाच."

चतुराबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खांदा दाबून त्याला माझ्यापुढे मातीत बसवलं, फडकं डोक्यावर ओढलं आणि केसरबाईला म्हणाली, "हो बाजूला. आज मी दावते."

कधी चाकणच्या पलीकडे न गेलेली ती बाई माझी कडी फिरवू लागली. अगदी हळू, कागदाला धक्का न लावता. "बग बाळा, ह्यो बर्फाचा डोंगर. हे पान्याचं पाट. हे लाकडाचं देऊळ, भूकंपात हाललं न्हाई..." आणि आत वाकलेला तिचा दांडगा मुलगा, ज्या गावात दिवस काढून आला ते गाव पहिल्यांदा बघत होता.

मित्रांनो, आयुष्यात एवढी मन लावून मी कधी फिरले नाही. नंतर ती पट्टी गेलीच, कागद तो. नट्या आल्या, त्याही विटल्या. मला त्याचं काही नाही. एवढंच मागते की घरातली जुनी वस्तू टाकायला निघालात, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हिच्यात डोकं घालून कुणी कुणाला बघत होतं का. होय म्हणाले, तर तिला कोरड्या जागी ठेवा. आणि कडी फिरवायची झालीच, तर जरा हळू फिरवा.