पाचव्या आजीचं नाव

वृद्धाश्रमात माझं काम सरळ आहे. सकाळी अंथरुणं बदलायची, अंग पुसायचं, दुपारी केस विंचरायचे. सहा महिन्यांपूर्वी खिडकीजवळच्या खाटेवर नवीन म्हातारी आली आणि माझ्या हातातली बादली सुटली. आमच्या वसतिगृहाच्या वॉर्डनबाई. पन्नास वर्षं उलटली तरी ती हनुवटी मी कुठेही ओळखली असती.

आम्ही या मुलखातली मूळ माणसं. आम्हाला 'सुधारायला' घरातून उचलून वसतिगृहात टाकलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई दहाची. बाईंनी पहिल्याच दिवशी आमच्या वेण्या कापल्या, नावं काढून घेतली आणि आकडे दिले. ताई तेरा, मी चौदा. आपल्या भाषेत बोललं की जिभेला साबण.

आमच्याकडे वेणी घालताना आई लेकीला कुळाच्या पहिल्या सात पिढ्यांच्या सात आज्यांची नावं सांगते, एकेका वेढ्याला एक. नाव चुकलं की वेणी सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. केस गेले तशी ताई परकराच्या नाड्या गुंफून मला नावं शिकवायची. बाईंनी नाड्याही कापल्या. त्या थंडीत ताई तापाने फणफणली. बाईंनी डॉक्टरला बोलावलं नाही. ती गेली आणि वहीतला तेरा आकडा खोडला गेला. मी घरी परतले तोवर आईही उरली नव्हती, आणि पाचवं नाव माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

आता बाईंना स्वतःचंच नाव आठवत नाही. रोज विचारतात, माझं नाव काय गं? खाटेच्या डोक्याशी नावाचं कार्ड आहे. ते मी पहिल्याच दिवशी भिंतीकडे उलटं करून ठेवलं. "चौदा," मी सांगते. त्या रडकुंडीला येतात. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

माझी नात सहा वर्षांची आहे. सगळे तिला मुंगी म्हणतात. तिची आई, माझी लेक, कारखान्यातून संध्याकाळी सुटते, म्हणून शाळेनंतर मुंगी माझ्याकडे येते. तिची वेणी मी मुद्दाम बाईंच्या खाटेला टेकून घालते, मोठ्याने नावं घेत, आमच्या भाषेत. ऐका म्हणावं, कान भरून. पाचव्या वेढ्याला मी नुसतं 'हूं' करते. मुंगीला वाटतं, पाचव्या आजीचं नावच हूं. वेणीच्या आधीचा धडाही मी तिला दिलाय: नाव विचारणाऱ्याला नाव सांगायचं, लपवायचं नाही, विचारणारा वैरी का असेना.

परवा दुपारी मुंगी घडाघडा म्हणत होती. पाचव्या वेढ्याला म्हणाली, हूं.

"हूं नाही," खाटेवरून आवाज आला. आणि बाईंनी नाव घेतलं. आमच्या भाषेतलं, आमच्याच हेलात.

ते नाव मी इथे सांगणार नाही. ते आमच्या वेणीतलं आहे. पण ऐकलं आणि माझे हात मुंगीच्या केसांतच थांबले. तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं.

"दाराआड उभी राहून ऐकायचे ना रोज," बाई म्हणाल्या. "मोठी शिकवायची. धाकटीला पाचवं यायचंच नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या ताईचा आवाज या बाईच्या डोक्यात शाबूत राहावा आणि माझ्या नाही? उशी उचलून तोंडावर दाबावी, असंही मनात आलं. मी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. पहिल्यांदाच सातही नावांची.

"आणि माझं नाव काय गं?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, वर चढली, कार्ड सुलटं केलं आणि अक्षरं जुळवत बाईंचं नाव वाचलं. "आजी, त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली.

माझ्याच शिकवणीने माझ्या थोबाडीत मारली. बाई आपलं नाव पुटपुटत राहिल्या, लहान पोरीसारख्या हसल्या. त्या हसण्याने मला माफी सुचली नाही. दुसरंच सुचलं.

मी कंगवा घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांचे तीन पेड केले.

"बाई, मी चौदा. तेरा माझी ताई होती." आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी ताईचं नाव त्यांच्या कानात सांगितलं. "म्हणा."

त्या घुटमळल्या. "तेरा," म्हणाल्या.

मी वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.