तांबड्या ग्रहावरची वाळवी

कचरूच्या शेतात तणाची काडी सापडायची नाही, हे जाफराबादच्या आसपास कुणालाही विचारा. बांधावर जरा हरळी दिसली की या माणसाला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाच्या पोरीनं घरात बसून आख्खा ग्रहच करायला घेतला, मग हा गप्प बसणार होता होय?

तृप्ती नववीत होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मनानंच एक वाळवंटी ग्रह रचला होता. नाव तांबडा. पहिला नंबर आला तर जिल्ह्याला, जालन्याला जायला मिळणार होतं, आणि त्यासाठी पोरगी महिनाभर नुसती झटत होती. थर्माकोलवर नदीची वाळू पसरून तिनं त्यात नवे जीव घातले होते. तीनशे फूट खाली मूळ सोडणारी खोलवेल. तिची पानं खाणारा आणि पहाटेचं दव स्वतःच्याच पाठीवरून चाटणारा दवचाट्या. त्याची शिकार करणारा झपाट्या. शिवाय मेलेलं सगळं कुरतडून पुन्हा मातीत घालणारी वाळवी. ती तिनं साबुदाण्याची केली होती.

कचरूनं चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि भडकलाच.

"वाळवी? अगं, मागच्या साली आपल्या दाराची चौकट खाल्ली तिनं! नवा ग्रह करून राह्यली अन् त्याच्यावर वाळवी सोडती? काढ जल्दी."

"अण्णा, ती लागते."

"काही लागत न्हाई. दुश्मन कुणी घरात पाळतं का?"

"अवं, तिचा ग्रह हाये, तिला बघू द्या की," त्याची बायको सुरेखा पोळी लाटता लाटता म्हणाली. पण कचरूला ऐकू आलं असेल तर शपथ! त्यानं खुरपायला बसावं तशी बैठक मारली आणि एकेक साबुदाणा वेचून काढला.

"अण्णा, ती नसली तर बाकीचे..." तृप्तीनं पुन्हा तोंड उघडलं, तोवर यानं वहीतलं वाळवीचं पानही लाल पेनानं खोडून टाकलं होतं.

"आता कसा बिलकुल साफ दिसून राह्यला!" तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला फार आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा आपण पोरीच्या अभ्यासाला हातभार लावला, असं त्याला वाटत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या टेबलामागेच उभा राहिला. परीक्षक होते दीनानाथ सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी खोलवेल पाहिली, दवचाट्याला तर हसून दाद दिली. मग सहज विचारलं, "इथं मेलेलं कोण खातं?"

तृप्तीनं मागं वळून अण्णांकडं पाहिलं. सरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. कचरू टेबलामागून पुढं आला.

"साहेब, तिनं केल्ती वाळवी! मीच काढली. वही बघा तिची."

सरांनी वही उघडली. लाल रेघांखालचं अक्षर वाचता येत होतं. "बाळ, तुला तर सगळं माहीत होतं. मग काढू का दिलंस?"

"आमच्या घरात अण्णांच्या शब्दापुढं कुणी जात न्हाई, सर."

बसची वेळ सांगावी तसं तिनं सांगितलं. मग मात्र ती थांबलीच नाही. वाळवी नसली तर खोलवेलीला खत मिळणार नाही, वेल गेली की दवचाट्या गेला, त्याच्यामागं झपाट्या. शेवटी वाळूवर नुसती हाडं आणि वाळकी पानं. "हा असा मांडलेला ग्रह मरतो, सर," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली, पण नियमाला ते तरी काय करणार? मांडणीत पालकांचा हात असला की नंबर मिळत नव्हता. तृप्तीच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र पडलं. जालना राहिलं.

परतताना जीपमध्ये तिनं ग्रह मांडीवर घेतला होता. अर्ध्या वाटेत कचरूनं विचारलंच, "पोरी, तुला एवढं बराबर माहीत होतं, मंग मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं, अण्णा. दोनदा."

कचरूनं आठवून पाहिलं. त्याला एकदाही आठवेना.