माझ्या नवऱ्यावरचं भाषण

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर नियम असा, की गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी स्वतः येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. आता सांगा, ऐन कांदे काढायच्या दिवसांत एवढ्या बाया आणायच्या कुठून? पण मला आणायच्याच होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, वाल्मीकला, तोंडावर सांगितलं होतं, यापुढे प्यायलास तर आमच्याकडे येऊही नको. आणि शेताची वाट दुकानावरून. रोज शपथ घ्यायची, रोज त्या वाटेवर मोडायची. दुकान उठलं तरच माणूस वाचणार होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर आमची सभा होती. नाशिकात गंगापूर रोडला भाषणाचे क्लास घेणाऱ्या मंजुषाताई आम्हाला शिकवायला आल्या होत्या. दारूने समाजाचं किती नुकसान होतं, ते मी घोकून ठेवलं होतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दीपमाला, समाज राहू दे. समाजासाठी कोणी रडत नाही, एका माणसासाठी रडतात. तुमच्या नवऱ्याचं सांगा. रडू आलं तर येऊ द्या."

"अहो ताई, घरातलं चव्हाट्यावर कसं मांडू?"

"त्यांना वाचवायचंय ना?"

झालं, घोकलेलं सगळं मी सोडून दिलं.

मी बोलले. देवाशप्पथ, अशी बोलले की मलाच माझी भीती वाटली. रक्ताची उलटी मी पदराने कशी पुसते ते सांगितलं. सकाळी वाल्मीक माझे पाय धरतो, मला बांधून ठेव म्हणतो, आणि मी त्याला खरंच गोठ्यात बांधलं होतं, तेही सांगितलं. समोर बाया ढसाढसा रडत होत्या. शेजारची बायडाबाई, जिचा स्वतःचा पोरगा त्या दुकानावर पडीक असतो, ती तर हमसून हमसून. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात दुकानवाला कुंदनशेठ उठला. वाटलं, भांडेल, शिव्या देईल. मी तयारीतच होते. पण मेला भांडलाच नाही! चपला काढल्या, डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे वाकला. "ताई, मी पापी हाय. तुझं दुःख आजवर मला कोणी सांगितलंच नाय. मारुतीरायासमोर शब्द देतो, आजपासून वाल्मीकला माझ्या दुकानात थेंब मिळणार नाय. मिळाला तर माझ्या तोंडात शेण घाला!"

टाळ्या! माझ्यासाठी रडणाऱ्या बायांनीच टाळ्या वाजवल्या. मी ओरडतेय, "अगं, तुमच्या घरच्यांचं काय?" पण ऐकतंय कोण! इतका वेळ मीच तर वाल्मीक, वाल्मीक केलं होतं. मी एकच माणूस सगळ्यांपुढे उभा केला आणि शेठने तो अलगद उचलून बाजूला ठेवला. बाकी दुकान जिथल्या तिथं.

दुसऱ्या दिवशी मी दारोदार फिरले, बायांच्या पाया पडले. बायडाबाई विळा घेऊन शेतात निघाली होती.

"दिपे, तुझं तर काम झालं ना? मग मी कशाला खाडा करू?"

"आणि तुझा पोरगा?"

"तो काय तुझ्या वाल्मीकसारखा हाय का? थोडीच घेतो बिचारा!"

माझ्या भाषणाने एवढंच झालं. माझा नवरा ऐकून प्रत्येकीला आपला बरा वाटायला लागला. मतदानाच्या खोलीत साहेब लोक माश्या मारत बसले होते. बाटली उभीच राहिली.

शेठने शब्द पाळला, खोटं कशाला बोलू. वाल्मीकला त्याने दारातही उभं केलं नाही. बाटली आणून द्यायचा तो बायडाबाईचा पोरगा. मी धरलं तर म्हणतो, "काकी, लय तडफडत होता वो. बघवलं नाय." त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. पावसाळा सरायच्या आत वाल्मीक गेला.

दशक्रियेला नदीवर भाषणं व्हायची आमच्याकडे रीतच आहे. पहिला माइक शेठच्या हातात.

"लहानपणी मी आन् वाल्मीक ह्याच नदीत पोहायचो," तो म्हणाला. "पलीकडच्या काठावर तो नेहमी आधी पोचायचा आन् मागं वळून मला हाक मारायचा. आज बी तोच आधी पोचला."

सगळा घाट रडायला लागला. अरे, कसलं लहानपण! शेठ चांदवडहून गावात आला तोच दुकान टाकायला, चाळिशी उलटल्यावर. आणि वाल्मीकला पोहता येत नव्हतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं का माहीत? माइक हिसकावून घ्यावा, म्हणून मी उठलेसुद्धा.

आणि मला वाल्मीक दिसला. पलीकडच्या काठावर, ओलाचिंब, मागं वळून हाक मारणारा. मी मटकन खाली बसले, तोंडात पदर कोंबला, तरी रडू आवरेना.

बायडाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं माय, रड. शेठ बोलतोच तसं."