वाढत्या अंगाचा चष्मा

मी चष्मा आहे. जांभळ्या फ्रेमचा, उजव्या काडीचा स्क्रू जरा सैल असलेला. कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. माणसांना तरी आपला जन्म कुठे आठवतो? माझी पहिली आठवण पालघर स्टेशनाजवळच्या हर्षितशेठच्या दुकानातली. तिथल्या काचेच्या कपाटात मी उभा होतो.

मला घ्यायला जवळच्याच माहीम गावातली एक बाई आली आणि तिच्याबरोबर तिची आठवीतली मुलगी, भाविका. भाविका फळ्यावरची गणितं शेजारणीच्या वहीतून उतरवायची. शाळेतल्या बाईंनी आधी कॉपी करते म्हणून ओरडा दिला, मग डोळे तपासायला सांगितलं.

भाविकाला काळी फ्रेम हवी होती.

“काळी नको. नाकावर कावळा बसल्यागत दिसतो,” आई म्हणाली आणि तिने मला उचललं.

“ताई, ही मोठ्यांची साइज आहे,” हर्षितशेठ म्हणाला.

“मोठीच द्या. वाढत्या अंगाची पोर हाय. गणवेश नाय का आमी मोठा घेत?”

असा मी गणवेशासारखा त्या घरात आलो. मी सारखा घसरायचो, भाविका एका बोटाने मला वर ढकलायची. संध्याकाळी आई मला पदराने पुसायची आणि पुटपुटायची, “तेलाची बोटं लावते नि मग म्हणते दिसत नाय.”

भाविका बारावीत असताना आई गेली. चार महिन्यांचं दुखणं. त्या दिवसांत माझ्या काचा आतून ओल्या व्हायच्या, आणि तशाच वाळायच्या.

पुढे काचा तीनदा बदलल्या. नंबर अडीचवर गेला. हर्षितशेठ दर वेळी नव्या फ्रेमांचा ट्रे समोर ठेवायचा. भाविका त्याच्याकडे बघायचीही नाही. “याचाच स्क्रू आवळून द्या,” एवढंच म्हणायची.

कॉलेजात एनसीसीमध्ये असताना तिला एकदा छोट्या विमानात बसवलं होतं. वीसच मिनिटं. खालची शेतं, रस्ते, एक वळण घेणारी नदी, सगळं तिने माझ्यातूनच पाहिलं. बी.एस्सी. होऊन ती बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली, पण मनात विमानच होतं. तिला वायुदलात वैमानिक व्हायचं होतं.

आणि मध्ये मी होतो. एवढा नंबर असलेल्याला विमान चालवायला घेत नाहीत. वाट एकच होती. विशी ओलांडल्यावर लेसरने नंबर घालवायचा, वर्षभर थांबायचं, मग वायुदलाचे डॉक्टर डोळे तपासणार. त्यात काही उणं निघालं तर सगळं संपलं.

भाविकाचे वडील विश्रामभाऊ. त्यांची विड्याच्या पानवेलीची वाडी आहे. त्यांनी ऐकलं आणि हातातली पानांची जुडी खाली ठेवली.

“डोळा म्हणजे काय पानवेल हाय, छाटायला?”

“छाटत नाय पप्पा. नुसता आकार देतात.”

“आणि बिघडला तर?”

ती मला काढून ओढणीने पुसत राहिली. आईने घेतलेली तिच्या अंगावरची शेवटची वस्तू मी होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी विश्रामभाऊच तिला बोरिवलीला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. आत जाण्याआधी तिने मला डबीत ठेवलं आणि डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली. त्या वीस मिनिटांत मी त्यांच्या छातीची धडधड ऐकत होतो.

शस्त्रक्रिया छान झाली. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली. डोळे चोळायचे नाहीत. वरचा पापुद्रा अजून कच्चा आहे, सरकला तर नजरेत कायमचा दोष राहील.

तिसऱ्या दिवशी बेटेगावहून सुलूआत्या आल्या, विश्रामभाऊंची धाकटी बहीण. मी डबीत होतो. पुढचं मी कानांनी ऐकलं, आणि नंतर विश्रामभाऊंनी कितीदा तरी लोकांना सांगितलं, म्हणून सांगू शकतो.

“दादा, पोरीने एवढं मोठं काम केलं, गावभर झालं. दृष्ट नाय काढली?” आत्यांनी खापरात निखारे घेतले. मीठ-मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या भाविकावरून ओवाळून त्यावर टाकल्या.

मिरच्या तडतडल्या. घर धुराने भरलं. आत्या खोकत खोकत म्हणाल्या, “बघ किती तडतडलं, किती लागली होती!” आणि तेवढ्यात भाविका किंचाळली. तिचे डोळे पेटले होते.

डोळ्यांत काही गेलं की आधी दोन्ही हातांनी मला काढायचं आणि मग चोळायचं, ही तिची आठ वर्षांची सवय. तिचे हात कानांपाशी गेले आणि माझ्या काड्या शोधू लागले. मी तिथे नव्हतो. हात क्षणभर घोटाळले. तेवढ्यात विश्रामभाऊंनी झडप घालून तिची मनगटं धरली.

“सोडा पप्पा! आग होते!”

“सोडणार नाय. लाथा मार मला, पण सोडणार नाय.”

तिला तसंच धरून त्यांनी अंगणात वाऱ्याला नेलं. आत्यांनी डोळ्यांत डॉक्टरांचं औषध घातलं. अर्धे थेंब गालावर पडले. मग रिक्षाने पालघरच्या डॉक्टरांकडे.

“पापुद्रा जागेवर दिसतोय,” ते म्हणाले. “पण बारीकसा डाग राहिला का, ते आज नाही सांगता येणार. वर्षाने तपासतील तेव्हा कळेल.”

ते वर्ष फार लांब गेलं. भाविका लेखी परीक्षा पास झाली, पाच दिवसांच्या मुलाखतीत निवडली गेली. प्रत्येक पायरीवर आनंद व्हायचा आणि लगेच सगळ्यांना डॉक्टरांचा तो डाग आठवायचा. आत्या तर तिथेच राहिल्या आणि त्या घरच्या स्वयंपाकात मिरची घालणंच त्यांनी सोडलं.

“सुलू, हे कालवण हाय का पेज?” विश्रामभाऊ विचारायचे.

“गप जेव,” आत्या म्हणायच्या आणि पाठ फिरवायच्या.

तपासणीला ती दिल्लीला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. विश्रामभाऊंनी उचलला.

“पप्पा, आत्याला सांगा,” भाविका म्हणाली, “आजपासून फोडणीत मिरची घाल म्हणावं.”

“सुलू, डोळे पास झाले!” विश्रामभाऊ ओरडले. आत्या चुलीपाशीच रडत होत्या. कशासाठी रडतात हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

वायुदलाच्या प्रशिक्षणाला जाताना भाविकाने मला पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी वडिलांच्या उशाशी ठेवली. “हा राहू दे इथे,” म्हणाली. मी खरंच राहिलो. मला वाटलं, आता अंधारच.

पण एके दिवशी डबी उघडली. हैदराबादच्या प्रशिक्षण केंद्रातून तिचं पत्र आलं होतं. विश्रामभाऊ ते हात लांब करून वाचू पाहत होते, तरी अक्षर लागेना. त्यांनी मला नाकावर चढवलं. माझ्या काचा भाविकाच्या नंबराच्या, त्यांना तर समोरची भिंतही दिसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हर्षितशेठपुढे ठेवलं.

“काका, बायकी रंग आहे. नवी फ्रेम घ्या.”

“हीच. काचा माझ्या घाल.”

असा मी पुन्हा कामाला लागलो. आता माझ्यातून जवळचं तेवढं दिसतं. पत्र, वेलीच्या पानावरचा बारीक करपा, फोनचा पडदा.

परवा त्या पडद्यावर भाविका आली.

“पप्पा! जांभळा चष्मा घालून वाडीत जाता?”

“जातो. कामावरचा बुधा हसतो. हसू दे.” त्यांनी फोन जवळ घेतला. “थांब, हलू नको. नीट बघू दे.”

आरशात मी तिला हजारदा पाहिलं होतं, पण दर वेळी तिच्या चेहऱ्यावर मी असायचो. मी नसलेला तिचा चेहरा इतका नीट तेव्हा प्रथमच पाहिला. केस कापलेले, नाक उन्हाने सोललेलं, डोळे मोठे आणि मोकळे.

“आईवर गेलीस,” विश्रामभाऊ म्हणाले.

“आता कळलं तुमाला?”

त्यांनी मला काढलं आणि शर्टाच्या टोकाने माझ्या काचा हळूहळू पुसल्या, आतल्या बाजूने.

वाचकहो, चष्म्याने मागू नये असं एक मागणं मागतो. त्या मुलीला माझी किंवा माझ्या जातीतल्या कुणाची गरज न पडो, निदान चाळिशी लागेपर्यंत तरी. आणि तिच्या वडिलांना माझी गरज अजून खूप वर्षं पडत राहो.