बनुबाईची कॅसेट

मित्रांनो, कुंडल गावातल्या एका घरात, धान्याच्या कणगीमागे, पोत्यात गुंडाळून ठेवलेला एक जुना टेप आहे ना, तो मी. माझं एक बटण तुटलं आहे, झाकण एका बाजूने लोंबतं आणि उजव्या कोपऱ्याला मोठा पोचा आहे. तो पोचा कसा आला हे सांगायचं म्हटलं की आजही माझा आवाज अडखळतो. तरी सांगतो. उद्या तुमच्यापैकी कितीतरी जण गाडी चालवणार आहेत, त्यांनी तरी ऐकावं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते साताऱ्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधलं कपाट. त्र्याण्णव साली साईराज नावाच्या एका तरण्या शिपायाने मला तिथून उचललं. माझ्यात रेडिओ होता, कॅसेट वाजायची, आणि समोरच्या जाळीमागे बारीकसा माईकही होता. म्हणजे मी नुसता बोलत नव्हतो, ऐकतही होतो. या माईकचा मला भारी तोरा! कपाटातल्या इतर रेडिओंशी मी बोलायचोसुद्धा नाही.

साईराजने मला गावी आणलं ते त्याच्या आईसाठी. आईचं नाव बनुबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पलटणीतून मुलाचं पत्र आलं की ती पदर सावरत नानासो गुरुजींच्या दारात जायची आणि गुरुजी ते मोठ्यांदा वाचून दाखवायचे. साईराजच्या पाठीवर गळू झालं, हे आईच्या आधी गुरुजींना आणि गुरुजींच्या ओसरीवर बसलेल्या चार टाळक्यांना कळलं. ते बनुबाईला फार लागलं. म्हणून साईराजने ही युक्ती काढली.

गाण्यांची एक जुनी कॅसेट घेतली, तिच्या कडेची दोन भोकं कागद कोंबून बुजवली, म्हणजे तिच्यावर पुन्हा आवाज भरता येतो. एका बाजूला मुलगा पलटणीतल्या टेपवर बोलायचा, दुसऱ्या बाजूला आई माझ्यावर. ती एकच कॅसेट टपालाने पलटणीत जायची आणि परत कुंडलला यायची. नवं बोलणं भरलं की त्या बाजूचं जुनं पुसलं जायचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं हयात होती, आवाज कशाला जपून ठेवायचा?

कॅसेट आली की बनुबाई हातपाय धुवायची, डबीला हळदकुंकू लावायची, मला पाटावर बसवायची. तिने ऐकल्याशिवाय ती कॅसेट कुणी वाजवायची नाही, हा त्या घरचा दंडक होता. उत्तर भरताना ती माझ्या इतकी जवळ यायची की तिच्या मिश्रीचा वास माझ्या जाळीत शिरायचा. मुलगा जणू ओढ्यापलीकडे उभा आहे अशी ती ओरडायची. पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलास का रं?" असं विचारायची आणि गप्प बसायची. मुलाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबायची, मग पुढचं बोलायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची घटका कोणती म्हणाल, तर ती गप्प बसायची ती.

तिचं शेवटचं उत्तर भरायला ती अशीच बसली आणि अंगणात तिच्या नवऱ्याने, लालासाहेबांनी, ट्रॅक्टर सुरू केला. ती तिथूनच ओरडली, "आवं, थांबा की जरा! मी बोलतीया न्हवं!" लालासाहेबांनी हसत इंजिन बंद केलं. ते सगळं कॅसेटमध्ये भरलं गेलं. पुसायला तिला जमेना, म्हणून तसंच पाठवलं.

लालासाहेब माणूस दिलदार, कष्टाळू, पण हौशी. त्यांचा एक जुना ट्रॅक्टर होता आणि हंगामात ते ऊस कारखान्यावर वाहायचे. त्या दिवसांत आमच्या भागात ट्रॅक्टरवाल्यांना टेपचं वेडच लागलं होतं. ज्याचा आवाज लांबवर जाईल तो ड्रायव्हर भारी! कारखान्याच्या रांगेत त्यावरून चढाओढ चाले. मग लालासाहेब कसे मागे राहतील? त्यांनी पलूसच्या गुंडा मेस्त्रीकडून मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून घेतलं, बॅटरीला वायर जोडली आणि दोन्ही बाजूंना दोन मोठे स्पीकर बांधले.

बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं, त्यो माज्या पोराचा डबा हाय. आन् त्येच्याकडं बगत गाडी हाकाल, एक दिस कुणाचा तरी जीव घ्याल."

"अगं, बारा वर्सं ट्रॅक्टर चालवतोय," लालासाहेब म्हणाले. "डोळं झाकून न्हेतो कारखान्यावर."

कॅसेट आली की ते मला सोडवून घरात आणायचे, तेवढी कबुली त्यांनी दिली. बाकी दिवस मी रस्त्यावर. खरं सांगू? मला ते आवडलं. घरात माझं एकच माणूस ऐकायचं, रस्त्यावर पाच गावं ऐकायची. पोरं हात करायची. मी फुगलो. धूळ आणि उसाची पाचट माझ्या पोटात साचत होती, कुणी साफ करत नव्हतं, पण मला त्याची फिकीर नव्हती.

लालासाहेब चालत्या गाडीत वाकून कॅसेट उलटी करायचे. एक हात स्टेअरिंगवर, नजर माझ्या बटणांवर. एकदा ट्रॅक्टर इतका कडेला गेला की एका सायकलवाल्याने सायकलसकट चारीत उडी घेतली. लालासाहेबांनी हसून हात जोडले आणि माझा आवाज आणखी वाढवला. मित्रांनो, तो सायकलवाला वाचला हेच आमचं दुर्दैव. त्याला नुसतं खरचटलं असतं तरी आम्ही शहाणे झालो असतो.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. लालासाहेब कारखान्यावर ऊस रिकामा करून, मोकळ्या ट्रॉल्या घेऊन उसाच्या फडाकडे निघाले होते. गावच्या चौकात पोस्टमनने त्यांना हात केला आणि एक पाकीट दिलं. साईराजची कॅसेट! लालासाहेबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मला वाटलं, आता खिशात ठेवतील. बनुबाई तर अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या पुलाजवळ त्यांची भाकरी घेऊन उभी असायची. तिला दाखवायची, संध्याकाळी पाटावर बसून ऐकायची, एवढंच करायचं होतं.

पण बापाचं काळीज. ते स्वतःशीच म्हणाले, "नुसता आवाज ऐकतो. एकच वाक्य. तिला कशाला कळतंय?"

चालत्या ट्रॅक्टरवर त्यांनी ती कॅसेट माझ्यात घातली. "आये, मी साईराज बोलतोय..." दोन्ही स्पीकरमधून पोराचा आवाज रानात घुमला. लालासाहेबांचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात माझ्या पोटातल्या धुळीने घात केला. फीत चाकात गुंतली. आवाज जड झाला, घोगरा झाला, ओढत ओढत नुसता हंबरडा होऊन बसला. "आरं आरं आरं!" म्हणत लालासाहेब खाली वाकले. बटण दाबलं तर फीत तुटेल, पोराचं बोलणं जाईल, म्हणून त्यांनी मला बंदही केलं नाही. झाकण उघडून बोटाने फीत सोडवायला लागले. गाडी उभी करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी समोर बघत होतो. पुलाच्या कठड्याला पाठ लावून, हातात भाकरीचं गठुडं घेऊन बनुबाई उभी होती. ट्रॅक्टर तिच्या अंगावर जात होता. मागे कठडा, सरकायला जागा नाही. तिने हात वर केले. "आवं, थांबा! थांबा की!"

मी ऐकलं. माझा माईक तिच्या आवाजाला सरावलेला होता. पण तिचा आवाज लालासाहेबांपर्यंत पोचला नाही, कारण वाटेत माझाच आवाज होता. ज्या आवाजाचा मला गर्व होता, त्याने तिची हाक बुडवली.

त्यानंतर कठड्याचा दगड माझ्या कोपऱ्यावर बसला. कॅसेट बाहेर उडाली आणि फीत ट्रॉलीच्या चाकात गुंडाळून चिंध्या होत गेली.

बनुबाईला सांगलीला दवाखान्यात नेलं. तिथे काय झालं ते लालासाहेबांनी पुढे मुलाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोडी शुद्धीवर आली. नवऱ्याला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "कॅसेट आली व्हय? काय म्हणतोय साई?"

लालासाहेबांनी तर एकच वाक्य ऐकलं होतं. ते म्हणाले, "बरा हाय म्हणतोय. लवकर येतो म्हणतोय."

"जेवतोय न्हवं येळंवर?"

"व्हय गं. जेवतोय."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तार मिळाली तसा साईराज निघाला, पण गाड्या बदलत चार दिवसांनी पोचला. आईचं तोंडही त्याला दिसलं नाही. तो बापावर ओरडला नाही. बापच त्याच्या पायाशी बसून सगळं बोलले, एक शब्द लपवला नाही. "मी तिला खोटं सांगितलं रं," असं म्हणून ते रडायला लागले.

साईराज म्हणाला, "खोटं न्हाई, आबा. त्येच भरलं हुतं मी. शिमग्याला रजा मिळालीया, लवकर येतो म्हणून."

संध्याकाळपर्यंत थांबले असते, मित्रांनो, तर ते तिने पाटावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं.

मग साईराजला आठवलं, की कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आईचं मागचं बोलणं अजून पुसलेलं नव्हतं. तिचा आवाज या जगात तेवढाच उरला होता, आणि तोही त्याच फितीवर. तो पुलाकडे धावला. बाभळीच्या काट्यांत, चारीच्या गवतात, रस्त्याच्या मातीत फितीचे तुकडे पडले होते. तीन दिवस तो ते वेचत होता. घरी आणून ओल्या फडक्याने पुसले, चिकटपट्टीने जोडले, पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळले. मला उघडून माझं पोट कापसाने साफ केलं. आधीच कुणी केलं असतं तर, असं माझ्या मनात आलं, पण दोष दुसऱ्यावर ढकलून माझं ओझं हलकं होत नाही.

त्याने बटण दाबलं. नुसती खरखर. साईराजचं बोलणं गेलं होतं. कॅसेट उलटी केली. पुन्हा खरखर, खूप वेळ खरखर. लालासाहेब भिंतीला टेकून बसले होते. आणि एकाएकी ट्रॅक्टरचा आवाज आला, आणि त्याच्यावर बनुबाईचा. "आवं, थांबा की जरा! मी बोलतीया न्हवं!"

कॅसेटमधला ट्रॅक्टर थांबला.

त्यापुढे काही नव्हतं. लालासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या दिवशी अंगणात तिने एका हाकेत त्यांना थांबवलं होतं, आणि रस्त्यावर मी मध्ये होतो म्हणून ती थांबवू शकली नाही.

याला आता तीन वर्षं झाली. स्पीकर त्यांनी त्याच आठवड्यात ओढ्यात टाकले. ट्रॅक्टर चालवणं सुटलं नाही, पोटाला लागतं. पण हंगामात ते कारखान्याच्या रांगेत प्रत्येक गाडीपाशी जातात आणि स्वतःची गोष्ट सांगतात. कुणी ऐकतो, कुणी टेप मोठा करून हसतो. परवा सांगलीहून हळदीचा एक व्यापारी मोटार घेऊन आला होता. जाताना गाडी सुरू केली आणि त्याच्या खिशातला नवा फोन वाजला. एका हाताने स्टेअरिंग वळवत तो बोलायला लागला. लालासाहेब धावत जाऊन त्याच्या गाडीपुढे उभे राहिले. "आदी बोला, मग जावा," म्हणाले. "सायेब, फोनमधलं माणूस थांबतंय वो. रस्त्यावरचं थांबत न्हाई."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला डोळे मिटता येत नाहीत आणि तुमचा हातही धरता येत नाही. तुमच्या घरातल्या गाडीत टेप असेल, उद्या प्रत्येकाच्या खिशात फोन येईल. गाडी चालत असताना माझ्यासारख्या कुणी तुम्हाला बोलावलं तर बघू नका. वडील बघत असतील तर त्यांना मागून हाक मारा. ऐकू येईपर्यंत मारा.

वर्षातून एकदा, बनुबाईच्या तिथीला, लालासाहेब मला पोत्यातून बाहेर काढतात. हातपाय धुतात, कॅसेटच्या डबीला हळदकुंकू लावतात, मला पाटावर बसवतात. खरखर सुरू होते. ते मान खाली घालून वाट बघत राहतात. मग ती बोलते, "आवं, थांबा की जरा!"

आणि दरवेळी ते हळूच म्हणतात, "थांबलो गं. थांबलो."