खडकवाडीच्या डोंगरासाठी बूट

महादेवी पेडगावची. तिथली जमीन काळी आणि सपाट. लहानपणी ती बांधाबांधानं अनवाणी पळायची, कॉलेजात गेल्यावर साध्या कॅनव्हासच्या बुटांवर मैदानातल्या शर्यती जिंकायला लागली. पुढं लग्न होऊन गंगाखेडला आली, मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागली, आणि तिचं पळणं पोरींच्या मागं शिट्टी वाजवण्यापुरतं उरलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत बातमी आली, की खडकवाडीच्या जत्रेत यंदा बायकांचीही डोंगरशर्यत होणार. गावातून निघायचं, डोंगरावरच्या महादेवाच्या देवळाला वळसा घालायचा आणि पळतच खाली यायचं. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर लागतात, त्यातलंच हे गाव. महादेवीचा नवरा शिवरुद्र कापडाच्या दुकानात बसायचा. तो म्हणाला, "पळ की, मी कशाला नको म्हणू? पर बूट आणायला परभणीला एकटी जाऊ नको. आईला संगं ने."

महादेवीचं तोंड उतरलं. सासू, नागुबाई, मुळात कमी बोलणाऱ्या. सून पळते याबद्दल त्यांनी आजवर बरं म्हटलं नव्हतं की वाईट. एस.टी.त दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

परभणीतल्या दुकानाचे मालक दत्तराव हे शिवरुद्राचे शाळेतले दोस्त. पळायचे बूट मागितल्यावर त्यांनी विचारलं, "शिवरुद्रला काय नंबर लागतो हो वहिनी?"

"त्यांना नाही, मला पाहिजेत. डोंगरावर पळायला."

दत्तराव अवघडले. त्यांनी नागुबाईंकडं बघितलं. नागुबाई पदर सावरत म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतूस? तिचे पाय हायत. दाखव तिला."

महादेवी चपापली. सासूबाई आपल्या बाजूनं बोलल्या हे ध्यानात यायलाच तिला जरा वेळ लागला.

डोंगरासाठी वेगळे बूट असतात हे दत्तरावांनी ऐकलंही नव्हतं. त्यातून बायकांच्या मापाचे पळायचे बूट दुकानात नव्हतेच. पोरांच्या मापात शोधाशोध करून त्यांनी दोन जोड काढले. एक पांढरा, मऊ, हलका. महादेवीच्या पायात तो असा बसला, जणू माप घेऊनच शिवला होता. फक्त त्याचा तळ सपाट होता. दुसरा निळा, जाड कापडाचा, दिसायला अगदीच ओबडधोबड. त्याच्या तळाला खोल खाचा होत्या, पण बोटांच्या पुढं अंगठाभर जागा रिकामी राहायची.

ती पांढरा घालून दुकानात चालली, मग निळा घालून चालली. पुन्हा पांढरा घातला. फरशीवर पांढराच बरा वाटत होता. पण डोंगर म्हणजे काय फरशी होती? तिला काही सुचेना.

नागुबाई एकदम म्हणाल्या, "दत्ता, दोन्ही बांधून दे. रविवारी डोंगरावर पळून बघती ती. नको असंल ते वापस आणून देऊ."

"मावशी, वापरलेले बूट वापस कसे घेऊ?"

"मळवणार न्हाई आमी. खडकच हाय समदा तिथं."

दत्तरावांनी हसत हसत दोन्ही जोड बांधले. परतीच्या वाटेवर महादेवीनं विचारलं, "आत्याबाई, तिथं सगळा खडक आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

नागुबाईंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. म्हणाल्या, "माहेर हाय माझं ते."

महादेवीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरात खडकवाडीचं नावही निघत नसे. नागुबाईंनी आता थोडक्यात सांगितलं. महादेवीच्या लग्नाआधी सासरे वारले, तेव्हा नागुबाईंचा भाऊ गुरुसिद्धप्पा माती झाल्यावर पोचला होता. भरल्या अंगणात त्या त्याला नाही नाही ते बोलल्या. तो आल्या पावली माघारी गेला, आणि मग यानं तिकडून पाऊल टाकलं नाही की हिनं इकडून.

"का उशीर झाला त्यांना?"

"इचारलंच न्हाई मी," नागुबाई म्हणाल्या.

रविवारी दोघी खडकवाडीला उतरल्या. नागुबाई गावात शिरल्या नाहीत, डोंगराच्या पायथ्याशी बाभळीखाली बसल्या. महादेवीनं पांढरे बूट चढवले आणि निघाली. चढताना काहीच अडचण आली नाही. देवळाला हात लावून ती उताराला लागली आणि पायाखालचा मुरूम सरकायला लागला. दोनदा ती बसता बसता वाचली. त्यात प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटत होती. खाली आली तेव्हा अंगठ्याचं नख ठणकत होतं.

मग निळे. आता खाचा मुरमात रुतत होत्या, पण पाय आतल्या आत पुढं सरकत होता. मधेच थांबून तिनं घोट्यापाशी नाडी करकचून आवळली. टाच जागेवर बसली, बोटं मोकळी राहिली. दुकानात जी जागा तिला जास्तीची वाटली होती, ती उतारासाठी लागत होती. मग मात्र ती सुटली. खाली येईपर्यंत तिला हसू आवरेना.

बाभळीखाली आता एक म्हातारा उभा होता. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं असणार. नागुबाई जमिनीकडं बघत होत्या आणि तो धोतराचा सोगा हातात धरून नुसता उभा होता.  महादेवी धापा टाकत पुढं झाली आणि सरळ त्याच्या पाया पडली.

"ही सून व्हय?" गुरुसिद्धप्पानं तिला उठवत विचारलं. "अक्का, पोरगी वरून पळत आली बघ. या उतारावर तू कितींदा पडलीस?"

"तूच ढकलायचास."

"त्या दिवशी नदीला पाणी होतं गं अक्का. एस.टी. अलीकडंच अडकली. चालत आलो मी."

नागुबाईंनी पदर तोंडाला लावला. "मग तवा का न्हाई बोललास?"

"तू बोलू दिलंस का?"

महादेवी बूट सोडायच्या निमित्तानं लांब जाऊन बसली.

रविवारच्या भेटीबद्दल नागुबाईंनी घरी काही बोलू दिलं नाही. जत्रेच्या दिवशी महादेवी निळे बूट घालून पळाली. ताडकळसची एक उंच पोरगी चढावरच पुढं गेली. उतारावर महादेवीनं तिला जवळजवळ गाठलं, पण पहिली आली ती ताडकळसचीच. महादेवीला दुसऱ्या नंबराची स्टीलची बादली मिळाली. बैलगाडीवर उभं राहून भाऊ-बहीण असे ओरडत होते, की पंचांनी त्यांना दोनदा खाली बसायला सांगितलं.

संध्याकाळी गंगाखेडच्या स्टँडवर शिवरुद्र वाट बघत होता. बादली घेऊन बायको एकटीच उतरलेली बघून तो घाबरला.

"आई कुटं हाय?"

"मामांकडं राहिल्यात. आठ दिवसांनी येते म्हणाल्या."

 शिवरुद्रनं तिच्या हातातली बादली घेतली आणि डोळे पुसायला तोंड बाजूला फिरवलं.

"चल," तो म्हणाला, "घरी मला सगळं पहिल्यापासून सांग."